‘इंटरॅक्टिव्ह’ सांगून व्हिडिओ टेकवला: कॉलेजच्या प्रदर्शनासाठी सेटअप भाड्याने घेताय तर आधी हे वाचा

नाशिकमधल्या कॉलेजांमध्ये आता गॅदरिंग आणि प्रदर्शनांची गडबड सुरू होईल, म्हणून हे लिहितेय. इंटरॅक्टिव्ह इन्स्टॉलेशन, म्हणजे बघणाऱ्याच्या हालचालीने बदलणारी कलाकृती, करायचं ठरलं असेल आणि प्रोजेक्टर, सेन्सर कुणाकडून भाड्याने घेणार असाल तर अ‍ॅडव्हान्स पाठवायच्या आधी पूर्ण वाचा. आमचे २६,००० रुपये गेलेत. सगळी पोरांची वर्गणी होती ती, काहींनी मेसच्या पैशातून काढून दिलेली.

आमचा विषय गोदावरी. एक काम तांब्याच्या भांड्यांचं होतं, तांबट आळीत फिरून जुनी भांडी जमवलेली आणि भांड्याला हात लावला की ठोके ऐकू येणार, ते आमचं आम्हीच वायरिंग करून बसवलं आणि ते शेवटपर्यंत मस्त चाललं. मोठं काम मात्र दुतोंड्या मारुतीचं होतं, म्हणजे रामकुंडाजवळच्या त्या मूर्तीचं. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं यावरच नाशिकमध्ये पूर मोजतात, हे इथल्या लहान पोरालाही माहीत असतं. तर भिंतीवर मारुती, बघणारा जसा जवळ येईल तसं पाणी चढणार, मागे सरकला की उतरणार. आमच्यातल्या एकीच्या घरच्यांचं सराफ बाजारात दुकान आहे, तिथे पाणी शिरतं ते तिने लहानपणापासून पाहिलंय, तिचीच ही कल्पना, आणि तिने चित्रं इतकी जीव ओतून काढली होती की काय सांगू.

यासाठी आम्हाला किनेक्ट हवा होता, म्हणजे समोरच्या माणसाची हालचाल आणि अंतर ओळखणारा कॅमेरा-सेन्सर. मायक्रोसॉफ्टने त्याचं उत्पादन २०१७ मध्ये बंद केलं, त्यामुळे नवीन मिळत नाही, सेकंडहँड शोधा नाहीतर भाड्याने घ्या. आणि किनेक्ट २, म्हणजे त्याचं दुसरं मॉडेल, कॉम्प्युटरला जोडायला वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो, तोही आता सहज मिळत नाही. फसवणारे नेमके इथेच शिरतात, कारण वस्तू दुर्मिळ आणि पोरांना घाई.

ओळखीतून एक नंबर मिळाला. त्या माणसाचा अंबडकडे एका गाळ्यात सेटअप होता, तिथे त्याने डेमो दाखवला. जमिनीवर पाणी, पाण्यात मासे, त्याचा मुलगा चालत गेला की मासे बाजूला पळायचे. भारी दिसत होतं. आम्ही म्हटलं आम्ही चालून बघतो, तर म्हणे "ताई, सेन्सर त्याच्या उंचीला कॅलिब्रेट केलाय, तुम्ही गेलात तर सगळं परत लावायला लागेल, तुमच्या हॉलमध्ये आलो की तुमच्यासाठी लावतो ना." हे धादांत खोटं आहे. किनेक्ट २ साधारण अर्धा मीटर ते साडेचार मीटरमध्ये एकावेळी सहा माणसं ओळखतो, कुणाची उंची किती याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. प्रोजेक्टर आणि सेन्सरची जागा जुळवावी लागते हे खरं, आणि त्या खऱ्यात गुंडाळूनच त्याने थाप मारली. ४०,०००चं कोटेशन, त्यातले २०,००० अ‍ॅडव्हान्स, वर ६,००० डिपॉझिट, सगळं यूपीआयने घेतलं.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी तोच मुलगा छोटा हत्ती घेऊन आला, सामान लावलं, काळं कापड टाकलं, भिंतीवर मारुती आला, हा पुढे गेला की पाणी चढतंय, मागे आला की उतरतंय, आणि लगेच "उरलेले २०,००० टाका, मला पुढची डिलिव्हरी आहे." आमच्यातल्या एकाने सांगितलं आधी आम्ही सगळे चालून बघतो, मग पैसे. तो म्हणाला बघा बघा, गाडीतून वायर घेऊन येतो, आणि गेला तो गेलाच. इकडे आम्ही पुढे गेलो तर पाणी आपलं आपल्या मनाने चढतंय, उतरतंय. कुणाचा तरी माउसला धक्का लागला आणि भिंतीवर, मारुतीच्या पायाशी, प्ले-पॉजची पट्टी आली! व्हिडिओ होता तो, लूपवर. कापड उचललं तर किनेक्टची वायर टेबलामागे नुसती लोंबकळत होती, कशालाच जोडलेली नाही. प्रोजेक्टरवर ६५०० ल्युमेन्सचा (ल्युमेन्स म्हणजे उजेडाचं माप) स्टिकर, आणि ट्यूबलाइट लावली की चित्र गायब. स्टिकरवरचा आकडा काहीही असू शकतो, एएनएसआय ल्युमेन्स, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड, किती ते विचारा आणि लाइट चालू ठेवूनच बघा.

त्या रात्री गाळ्यातल्या डेमोचं मोबाइलवर केलेलं शूटिंग आम्ही स्लो करून पाहिलं. मासे आधी पळतात, पाय नंतर पडतो. पोराने व्हिडिओचा टायमिंग पाठ केला होता. खऱ्या सेन्सरमध्ये असं होऊच शकत नाही, आधी माणूस हलणार, मग थोडासा उशीर, मग चित्र हलणार. त्यामुळे डेमो बघताना त्यांचा माणूस बाजूला करा आणि तुम्ही स्वतः आत जा, मध्येच थांबा, उलटे चाला, तिघं-चौघं एकदम घुसा, सेन्सरवर ओढणी टाका. ओढणी टाकूनही चित्र छान चालू राहिलं तर उठा आणि निघा.

मारुती आम्ही तरीही उभा केला. इंजिनिअरिंगच्या एका मित्राने रात्रभर बसून आर्डुइनोवर, म्हणजे प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डवर, आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर चालवला, एचसी-एसआर०४ म्हणून येतो, अगदी स्वस्त, २ सेंटीमीटर ते ४ मीटर अंतर मोजतो. ढगळ, मऊ कपड्यांवर रीडिंग उड्या मारतं, म्हणून बऱ्याच रीडिंगची सरासरी घ्यायला लागली. डिपार्टमेंटचा जुना प्रोजेक्टर, खिडक्यांना काळे कागद, आणि एकावेळी एकच माणूस. लोक रांग लावून उभे होते, एक आजोबा जुन्या पुराच्या आठवणी सांगत तिथेच थांबले. हे इतक्या कमी पैशात होत होतं आणि पोरांची वर्गणी त्या माणसाच्या खिशात गेली, याचा अजून संताप येतो.

फोन केला तर म्हणे "चालू दिलं होतं, तुम्ही बिघडवलं, डिपॉझिट विसरा." मग दोन दिवसांनी स्वतःच मेसेज, रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करा. स्कॅन केलं तर पिन मागायला लागलं. पैसे येताना पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात, तिथेच बंद केलं. त्याचं बिल नीट पाहिलं तर पत्ता नाशिकचा आणि जीएसटी नंबर २४ने सुरू होणारा. २४ म्हणजे गुजरात, महाराष्ट्राचा २७ असतो. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकला तर भलत्याच धंद्याचं नाव आलं. हे चेक करायला एक मिनिट लागतं, कोटेशन हातात आलं की लगेच करा.

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पोलीस स्टेशनला अर्जही दिलाय. तिथे आधी "हा तुमचा व्यवहारातला वाद आहे" असंच ऐकायला मिळालं, पण डेमोचं शूटिंग, लोंबकळणाऱ्या वायरचे फोटो आणि बिल पुढे ठेवल्यावर अर्ज घेतला, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ म्हणजे पूर्वीचं ४२०, त्याचा उल्लेख करून. पैसे अजून आलेले नाहीत. १९३० ला जितका लवकर फोन कराल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवली जायची शक्यता जास्त. नाशिकमध्ये अजून कुणाला हाच माशांचा डेमो दाखवून पैसे घेतले असतील तर यूपीआयचा १२ आकडी यूटीआर नंबर (व्यवहाराचा क्रमांक), चॅट आणि बिल डिलीट न करता तुमच्या स्टेशनला वेगळा अर्ज द्या, त्यात याच पद्धतीने दुसऱ्या कॉलेजचीही फसवणूक झाल्याचं लिहा.