अ‍ॅस्टेरिस्कचं घड्याळ: क्रॉनमधून एनटीपीडेट की क्रोनी?
ऑफिसच्या अ‍ॅस्टेरिस्क (फोन एक्सचेंज चालवणारं सॉफ्टवेअर) सर्व्हरची वेळ सारखी मागे पडते, तर रोज रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) एनटीपीडेट (एकदा चालून वेळ जुळवणारी कमांड) चालवू की क्रोनी (मागे सतत चालून वेळ जुळवणारा प्रोग्राम) टाकू, असं एकाने विचारलंय.

सेटअप दोन्हीचा सोपा, फायरवॉलमधून यूडीपी १२३ (टाइम सर्व्हरला वेळ विचारायचा पोर्ट) बाहेर जायला हवा, बस. खरा फरक वेळ दुरुस्त कशी होते यात आहे. एनटीपीडेट दिवसभर ढुंकून बघत नाही आणि अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त फरक दिसला की घड्याळ एकदम उडी मारतं, ती उडी मागे गेली तर सीडीआरमध्ये (कॉलच्या नोंदींत) नंतरचा कॉल आधीचा दिसतो, मग बसा रेकॉर्डिंग जुळवत. क्रोनी नेहमीच्या कॉन्फिगमध्ये सुरुवातीलाच काय ती उडी मारतं, नंतर घड्याळाचा वेग किंचित कमीजास्त करत हळूहळू जुळवतं, शिवाय घड्याळ किती चुकतं ते ड्रिफ्ट फाइलमध्ये ठेवतं म्हणून नेट गेलं तरी बरंच सावरतं. परवानगी दिली की आयपी फोनपण त्याच्याकडूनच वेळ घेतात, हे मला फार आवडतं.

मेंटेनन्स? रेड हॅट लिनक्स ८ पासून जुनं एनटीपी पॅकेजच काढलंय, त्याबरोबर एनटीपीडेटही गेलं.

टेस्टिंगचा, कधीमधी चालू होणारा बॉक्स असेल तर बूटला एकदा एनटीपीडेट चालेल. चालू कॉल, बिलिंग, वेळेनुसार बदलणारा आयव्हीआर (‘एक दाबा, दोन दाबा’वाला फोन मेनू) असेल तर क्रोनीच टाका.