बॉनेटच्या आतला रंग : कोल्हापुरातील एका पेंटिंग गॅरेजविषयी

जुन्या गाडीला पूर्ण रंग द्यायचे ठरले की गॅरेजवाला आधी रंग कोणता हे विचारतो आणि मग, बहुधा घाईघाईने, ‘आतून पण करायचा का?’ असे विचारतो. या ‘आतून’मध्ये दरवाज्यांच्या चौकटी, डिकी आणि बॉनेटखालचा भाग असे सगळेच येते, त्यांपैकी बॉनेटखालचा भाग, म्हणजे इंजिन बे, सर्वांत खर्चाचा आणि सर्वांत कमी विचार करून ठरवला जाणारा. आमच्या १९९७ च्या मारुती ८०० चा रंग नव्याने करून घेताना शिवाजी उद्यमनगर परिसरातील ज्या गॅरेजने हे काम मागूनही घेतले नाही, त्याचा हा अभिप्राय आहे.

गाडी मूळची पांढरी, आणि ती लाल करावी असा घरातील धाकट्यांचा आग्रह होता. मिस्त्रींनी बॉनेट उघडले, बराच वेळ आत पाहिले आणि विचारले, “इंजिन उतरायचं काही काम हाय का?” नाही म्हटल्यावर त्यांचे उत्तर तयार होते : “मग पांढराच ठेवा. इंजिन जागेवर ठेवून कडंकडंनं रंग मारला तर वर्षात सुटतोय बघा.” इंजिन उतरवून आतून रंगवण्याचा दर त्यांनी सांगितला, तो बाहेरच्या कामाच्या जवळजवळ निम्मा होता, पण तो सांगतानाही त्यांचा सूर हे काम करू नका असाच होता.

त्यांचे म्हणणे तपासून पाहिले तर पटण्यासारखे आहे. कारखान्यात गाडीचा नुसता सांगाडा प्रायमरच्या टाकीत बुडवला जातो, त्यावर रंग चढवून तो भट्टीत भाजला जातो आणि त्यानंतर इंजिन बसते. म्हणजे तेथे रंगाऱ्यासमोर मोकळा पत्रा असतो. गॅरेजमध्ये त्याच पत्र्यापुढे इंजिन, ब्रेकच्या नळ्या, वायरिंगचे जुडगे आणि रेडिएटरचे होज असतात. त्यांच्यामागे पाणीपेपर (पाण्याने भिजवून घासायचा पॉलिशपेपर) घेतलेला हात पोहोचत नाही, आणि घासल्याशिवाय नवा रंग जुन्या रंगाला धरत नाही. शिवाय इतक्या वर्षांच्या तेलाच्या वाफेने फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या पत्र्यावर, जो चिकट थर बसलेला असतो, तो एखाद्या सांध्यात जरी राहिला तरी तेवढ्या जागेवरून रंग मागे सरकतो आणि गोल खड्डे पडतात. बॉनेट उघडून दाखवण्यासाठी केलेले काम मग बॉनेट झाकून ठेवावे असे दिसू लागते. परिचयातील एका गृहस्थांच्या गाडीला दुसऱ्या एका ठिकाणी असाच रंग मारला होता. होजच्या क्लॅम्पवर, वायरींवर आणि हॉर्नवरही रंग उडालेला होता, आणि पुढे पत्र्यावरून त्याची सालपटे निघू लागली.

लाल रंगाचा बेत सोडण्यामागे कागदपत्रांचाही भाग होता. आरसीमध्ये, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रात, गाडीच्या रंगाची नोंद असते. तो बदलला की आरटीओत नोंद बदलून घ्यावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावे लागते. खासगी गाडीचे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग करावे लागते, तेव्हा चासी नंबर तपासला जातो. मारुती ८०० मध्ये तो बॉनेट उघडल्यावर मागच्या पत्र्यावर ठोकलेला दिसतो. त्यावर लांबी (पत्र्याचे खड्डे भरायची पुट्टी) आणि रंगाचे जाड थर बसले की अक्षरे बुजतात, पेन्सिलने घेतलेली छाप उमटत नाही आणि दोष मालकाकडे येतो. त्यामुळे आतून रंगवायचेच असेल, तर त्या पट्टीवर लांबी लावू नये आणि रंगही पातळच मारावा, हे गॅरेजला आधीच बजावून ठेवावे.

तर ठरले ते असे : बाहेरून मूळचाच पांढरा, आतून फक्त धुलाई आणि जेथे पत्रा खराब आहे तेवढीच दुरुस्ती. ही धुलाई मात्र त्यांनी मनापासून केली. डिस्ट्रिब्युटर, कॉइल आणि कार्बोरेटर यांना पॉलिथिनच्या पिशव्या बांधल्या, डिझेल आणि ब्रशने चिकटा सोडवला, मग शांपूच्या पाण्याने धुतले. प्रेशरचा पाइप त्यांनी आत वळवलाच नाही. बॅटरी काढल्यावर तिच्या ट्रेवर पांढरी भुकटी आणि खाली फुगलेला रंग निघाला. स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबताच एका कोपऱ्यात ते पत्र्यातून आरपार गेले. खाण्याच्या सोड्याचे पाणी ओतून फेस थांबेपर्यंत आम्ल मारले, गंज तारेच्या ब्रशने खरवडला, भोकावर पत्र्याचा तुकडा वेल्ड केला आणि इपॉक्सी प्रायमरवर रंग दिला. बॉनेटखाली एवढीच जागा खऱ्या अर्थाने रंगवण्याजोगी होती.

मूळचा रंग ठेवल्याचा एक फायदा आम्हाला तेथेच कळला. बाहेरचा पांढरा उन्हाने पिवळसर झालेला असतो, पण आतल्या रंगाला ऊन लागत नाही. मिस्त्रींनी बॉनेटच्या बिजागरीजवळची बोटभर जागा कंपाउंडने (रंग उजळवायच्या पेस्टने) घासून उजळ केली, कार्डावर मारलेला नमुना तिच्याशेजारी धरला आणि शेड जुळेपर्यंत तीन वेळा थेंबाथेंबाने टिंट बदलली. बॉनेट खोलून दोन्ही बाजूंनी वेगळे रंगवले. मडगार्डच्या वरच्या कडेला टेप सपाट न चिकटवता दुमडून लावला, त्यामुळे जुना आणि नवा रंग जेथे भेटतात तेथे बोटाला कड लागत नाही. आज बॉनेट उघडले की आतला रंग जुना आहे हे जाणकाराला कळते, पण तो परका वाटत नाही.

इंजिन बे रंगवूच नये असे या गॅरेजचे मत नाही, हे शेजारीच उभ्या असलेल्या प्रीमियर पद्मिनीवरून दिसत होते. तिचे १०८९ सीसीचे इंजिन बोअरिंगसाठी चेन पुलीने आधीच उतरवलेले होते, प्रत्येक वायरला टेपचा तुकडा लावून त्यावर पेनाने खूण केलेली होती आणि मोकळ्या झालेल्या पत्र्यावर राखाडी प्रायमर चढला होता. अशा वेळी आतून रंग न देणे हा करंटेपणा ठरेल, कारण उतरवण्याची मजुरी इंजिनाच्या कामात आलेलीच असते. रंग पूर्ण बदलणाऱ्याने तर इंजिन उतरवण्याचा खर्च धरूनच बेत करावा. काही जण मधला मार्ग म्हणून आतून सरसकट काळा मारून घेतात. मला तो पसंत नाही, कारण काळ्यावर तेलाची नवी गळती लवकर दिसत नाही, आणि विकत घेणाऱ्याच्या मनात उगाच शंका येते.

उणिवा आहेत. गॅरेजमध्ये भट्टीची सोय नाही. पीयू (पॉलियुरेथेन) रंग हार्डनरवर हवेत वाळतो आणि डिकीच्या झाकणावर धुळीचे दोन कण बसले, ते पॉलिशनंतरही बारकाईने पाहिले तर दिसतात. उजव्या हेडलाइटच्या मागच्या सॉकेटवर पांढरे तुषार राहिले होते, ते सांगितल्यावर पुसून दिले. ठरलेल्या तारखेला गाडी मिळाली नाही. बिल साध्या कागदावर होते आणि बॅटरी ट्रेचे वेल्डिंग त्यात वेगळे दाखवलेले नव्हते. हवेत वाळणाऱ्या रंगाला कोल्हापुरातील पावसाळ्याची दमट हवा मानवत नाही, म्हणून गाडी तेथे दिवाळीनंतर द्यावी, आणि देण्यापूर्वी आतल्या कामाचा दर, इंजिन उतरवणार की नाही यासह, स्वतंत्र लिहून घ्यावा.