वार (प्लॅसेंटा) कुणाची घ्यावी, बाईची की रॅटची?

“मामा, एन्झाइमच्या प्रोजेक्टला कुठली वार घेऊ?” गंगापूर रोडवर चहा पिताना भाचीने विचारलं.

खर्चात बाईची वार स्वस्त. प्रसूतीनंतर ती टाकूनच देतात. आईची संमती आणि एथिक्स कमिटीची परवानगी मात्र हवीच. रॅटला पिंजरे, खाद्य आणि प्राण्यांसाठीची वेगळी परवानगी लागते. वजन? इकडे साधारण अर्धा किलो, तिकडे जेमतेम अर्धा ग्रॅम.

मेहनत सारखीच: बर्फावर ठेवा, रक्त धुऊन काढा, नाहीतर तांबड्या पेशींचीच एन्झाइमं मोजत बसाल.

खरी मेख अरोमाटेज या एन्झाइमची. बाईच्या वारेत ते भरपूर, त्याच्यामुळेच इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन बनतं. रॅटच्या वारेत ते जवळपास नाहीच. म्हणून इस्ट्रोजेनवर काम असेल तर बाईचीच. दिवसागणिक चयापचय कसं बदलतं ते बघायचं असेल तर रॅट. त्याचं गर्भारपण 21-22 दिवसांत उरकतं.