श्वास मोजायचा की चिंतेला वेळ ठरवून द्यायची?

रात्री पावणेतीनला जाग येऊन ज्यांच्या डोक्यात बाजार भरतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी हिशेबाच्या कामातला माणूस. वीस तारखेला जीएसटीचं तीन-बी, म्हणजे दरमहाचं विवरणपत्र, भरलं की त्या रात्रीची जाग ठरलेली. अमुक पार्टीचं क्रेडिट दोनदा धरलं की काय? तिथून आईचा गुडघा, मुलाची बारावी, घराचा हप्ता अशी जी गाडी सुटते ती दूधवाला बेल वाजवेपर्यंत. ईसीजी आणि थायरॉइड, दोन्ही तपासण्या नॉर्मल आल्या. तुमच्या झाल्या नसतील तर आधी त्या करून घ्या, धडधड दरवेळी मनाचीच असते असं नाही. त्यानंतर दोन उपाय मी प्रत्येकी तीनेक महिने करून पाहिले.

पहिला श्वासाचा. चार मोजत आत, सात मोजेपर्यंत रोखायचा, आठ मोजत बाहेर. डॉ. अँड्र्यू वाइल यांनी अमेरिकेत लोकप्रिय केलेला हा प्रकार मुळात प्राणायामातूनच आलेला, त्यामुळे आमच्या घरी त्याला लगेच मंजुरी मिळाली. याला काही लागत नाही आणि शेजारच्याला कळतही नाही. एकदा ऑडिटरसमोर बसलेलो असताना हातापायांना घाम फुटला, तेव्हा टेबलाखाली बोटांवर मोजत मी तेवढी दहा मिनिटं निभावून नेली. तिथे वही काढून बसता आलं नसतं. हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण अंथरुणावर गोष्ट वेगळी व्हायची. सात मोजेपर्यंत श्वास रोखवायचा नाही, पाचालाच घुसमट. मग वाटायचं, लोकांना जमतं, मलाच का जमत नाही? फुप्फुसात काही असेल का? जीएसटी राहिलं बाजूला, श्वासाचीच काळजी सुरू. एका रात्री तर मी, लक्ष दिलं नाही तर आपला श्वास थांबेल, या भीतीने तासभर टक्क जागा होतो. हसू नका, त्या वेळी ते अगदी खरं वाटतं. समुपदेशक ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ‘‘अहो, तुम्ही श्वास घेत नाही आहात, तपासताय.’’

त्यांनीच सांगितलं की शिथिल व्हायला बसल्यावर काही जणांची बेचैनी उलट वाढते. थॉमस बोर्कोव्हेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एका सहकाऱ्याबरोबर १९८३ मध्ये हे मांडलं होतं. आणि गंमत बघा, दुसरा उपायही त्याच वर्षी त्याच्याच गटाने मांडलेला: चिंतेला रोज ठरावीक जागा आणि अर्धा तास द्यायचा, इतर वेळी ती आली तर तिला त्या वेळेवर ढकलायचं.

माझी वेळ संध्याकाळी साडेसहाची, चहानंतर, गॅलरीतली प्लास्टिकची खुर्ची. झोपायच्या खोलीत नाही आणि जेवणानंतरही नाही, हे महत्त्वाचं. रात्री जाग आली तर उशाजवळच्या चिठ्ठीवर एक-दोन शब्द लिहायचे, दिवा न लावता, आणि चिठ्ठी बिस्किटाच्या रिकाम्या डब्यात टाकायची. दुसऱ्या संध्याकाळी डबा उघडून शंभर पानी वहीत दोन रकाने करायचे: एकात भीती, दुसऱ्यात उद्या त्यावर काय करणार. करण्यासारखं काही नसेल तर दुसरा रकाना कोरा. एका चिठ्ठीवर ‘जिना, आवाज’ असं लिहिलेलं सापडलं. कसला जिना, कसला आवाज, मला आजतागायत आठवलेलं नाही. रात्री त्याच चिंतेने माझं पोट ढवळून काढलं असणार.

यातही त्रास आहे. पहिले पंधरा दिवस ‘संध्याकाळी बघू’ या शब्दांवर मन ऐकतच नाही, पुन्हा पुन्हा वर येतं. घरी पाहुणे असले की साडेसहाची वेळ हुकते. आणि अर्ध्या तासाचा गजर झाला की वही मिटावीच लागते, नाहीतर लिहिणं म्हणजे शाईतलं कुढणंच.

तरीही माझं पारडं वहीकडे झुकतं, आणि त्याला, झोप सुधारली याखेरीज, आणखी एक कारण आहे. श्वास दुसऱ्याला दाखवता येत नाही. वही दाखवता येते. दोन आठवड्यांची पानं ताईंसमोर ठेवली तेव्हा त्यांनी पेन्सिलीने नऊ ठिकाणी खुणा केल्या. विषय वेगवेगळे, पण प्रत्येकाच्या तळाशी एकच: ‘माझ्याकडून चूक होताच कामा नये.’ मग त्या ‘च’वर काम सुरू झालं. असे हट्टी ‘च’ तपासून सैल करायची अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची ही रीत मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे मराठी वाचकाला नवी नाही, पण स्वतःच्या अक्षरात तो ‘च’ बघणं वेगळंच. बायकोलाही मी कधीमधी एखादं पान वाचायला देतो. ‘‘हे तर मला बोलला असतास तरी चाललं असतं,’’ असं ती दोनदा म्हणाली.

ज्यांना अचानक घाबरं होतं, त्यांना कदाचित श्वासच बरा पडेल. सात न मोजता नुसता सोडताना जरा लांबवला तरी मला पुरतं. महिनोन् महिने झोप नसेल, काम सुटत असेल, तर दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. जीव नकोसा वाटत असेल तर थांबूच नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, आणि मराठीतही बोलतात.

बायको मात्र अनुलोम-विलोमवाली. दहा मिनिटं करते आणि घोरायला लागते. तिच्यापुढे डबा-वहीचं कौतुक मी करत नाही.