मुलीचं स्पर्धात्मक चिअरलीडिंग: एक पूर्ण सीझन पाहिल्यानंतर

चिअरलीडिंग म्हटलं की बहुतेकांना अजून मैदानाकडेला पॉमपॉम हलवणाऱ्या मुलीच आठवतात. आमच्या लेकीच्या रूटीनमध्ये पॉमपॉम नाहीतच. ५४ बाय ४२ फुटांची मॅट, फार तर अडीच मिनिटं, आणि तेवढ्यात टम्बलिंग (मॅटवरच्या कोलांट्या), जंप, स्टंट (एकीला वर उचलून धरणं), पिरॅमिड, नाच सगळं बसवायचं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जुलै २०२१ मध्ये या खेळाच्या जागतिक संघटनेला पूर्ण मान्यता दिली, तरी 'हा खेळ आहे का?' हा प्रश्न काही सुटत नाही. आता मी वाद घालत नाही, सरावाचा व्हिडिओ दाखवते.

ती बेस आहे. म्हणजे उचलणाऱ्या दोघी बेस खाली, मागून आधार देणारी बॅकस्पॉट, आणि उचलली जाणारी फ्लायर वर. व्हिडिओ पाठवला की नातेवाईक विचारतात, "यात आपली कुठली?" सगळ्यांची नजर वरच्या मुलीवर! पण जवळ बसून पाहिलं की खालची मेहनत कळते. उचलायचं पाठीने नाही, पायांनी. फ्लायरचा बूट तळहातात घट्ट धरायचा, नजर तिच्यावरून हटवायची नाही. आणि ती डगमगली तर अंग चोरायचं नाही, उलट आत सरकून झेलायचं. एकदा अशीच झेलताना हिच्या ओठावर कोपर बसलं. ओठ सुजला होता, पण घरी आल्यावर पहिलं वाक्य होतं, "ती खाली नाही पडली." मला त्या वाक्याचा अभिमानही वाटला आणि पोटात गोळाही आला.

म्हणून सुरक्षेबाबत मी हट्टी आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०१२ मध्येच सांगितलं आहे की स्टंट आणि टम्बलिंग कठीण जमिनीवर करू नये, आणि डोक्याला मार बसल्याची शंका आली तर मुलाला तिथेच थांबवावं, डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय परत उतरवू नये. 'मग तुमच्याकडे काय करता?' हे प्रशिक्षकांना नाव घालण्याआधीच विचारा. उत्तर देताना कोणी वैतागलं तर तिथून निघा.

टीमच्या लेव्हल असतात, म्हणजे अवघडपणाच्या पायऱ्या, आणि त्या शर्यतीत पालकच जास्त धावतात. लेव्हल १ मध्ये बॅक हँडस्प्रिंगला (मागे उडी घेऊन हातांवरून उलटण्याला) परवानगीच नाही, तो लेव्हल २ पासून. त्यामुळे तो जमला की पालकांना लगेच पुढची लेव्हल हवी असते. पण पडलं, स्टंट कोसळला की गुण कापले जातात, त्यामुळे झेपणारं सफाईने करणारी टीम पुढे जाते. शिवाय मेंटल ब्लॉक नावाचं प्रकरण आहे. कालपर्यंत सहज मागे उडी घेणारी मुलगी एक दिवस हात वर करते, गुडघे वाकवते आणि तशीच उभी राहते. शरीराला सगळं येत असतं, डोकं नको म्हणतं. हिचं ते बरेच आठवडे चाललं. बक्षिसाचं आमिष, ओरडणं, दुसरीशी तुलना, कशाचाच उपयोग नसतो. तिच्या प्रशिक्षकांनी उतरत्या मॅटवर, पाठीला हात देत पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि आम्हाला काचेपलीकडून उठवून बाहेर बसवलं! ते फार बरं केलं.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. सुरुवातीला सांगतात ती फक्त सरावाची फी. युनिफॉर्म, कोरिओग्राफी, स्पर्धांची एंट्री, प्रवास हे पुढे एकेक करून येतं. सगळा हिशोब लेखी मागून घ्या. स्पर्धेचा अख्खा दिवस त्या अडीच मिनिटांसाठी जातो. लहान मुलींचा भडक मेकअप मला अजून पटलेला नाही. आणि एक जण गैरहजर असली की तो स्टंट उभा राहत नाही, बाकीच्या तिघी नुसत्या बसतात, म्हणून घरची कार्यंसुद्धा सरावाचं वेळापत्रक पाहून ठरवावी लागतात. एकटीने चमकायची आवड असलेल्या मुलीला मी जिम्नॅस्टिक्स सुचवेन.

पुढच्या सीझनसाठी नाव घातलं आहे. उंची वाढल्यामुळे ट्रायआउटमध्ये, म्हणजे निवड चाचणीत, हिला बॅकस्पॉटला उभी करून बघणार आहेत. हिला बेसच हवंय.