ऑफिसला सायकलने: पाठीवर सॅक की कॅरिअरला पॅनिअर?

हेल्मेट झालं, पुढचा-मागचा लाइट झाला, पिवळं जॅकेटही आलं, की गाडी अडते सामानापाशी. लॅपटॉप, चार्जर, डबा, बदलायचा शर्ट. हे ओझं पाठीवर घ्यायचं की सायकलवर? बहुतेक जण हा प्रश्न सोयीचा समजतात. कोथरूडहून बाणेरला मी सहा वर्षं सायकलने जातोय, पहिली तीन वर्षं सॅक लावून आणि नंतर पॅनिअर, म्हणजे मागच्या कॅरिअरच्या बाजूला हुकांनी अडकवायची पिशवी, लावून. माझ्या लेखी हा प्रश्न आधी सुरक्षिततेचा आहे.

सॅकची बाजू कमकुवत नाही. ती घरात असतेच, वेगळा खर्च नाही. सायकलला कुलूप लावलं की तसंच जिन्याकडे निघायचं. खड्ड्यात लॅपटॉपला दणका कमी बसतो, कारण आपले गुडघे आणि कोपरं तो आधीच झेलतात. कॅरिअरवरच्या पिशवीला ते सुख नाही, म्हणून पॅनिअरमध्ये लॅपटॉपला जाड कव्हर हवंच.

घामाबद्दल फार लिहीत नाही. एप्रिलमध्ये सेनापती बापट रस्त्याचा चढ सॅक लावून एकदा चढा, म्हणजे कळेल.

जॅकेटचं मात्र नीट सांगायला हवं. त्यावरचा भडक पिवळा रंग दिवसा आणि तिन्हीसांजेला काम करतो, कारण उन्हातले न दिसणारे अतिनील किरण शोषून तो दिसणारा उजेड बाहेर टाकतो. अंधार पडला की त्याचा उपयोग जवळपास संपतो. तेव्हा कामाला येते ती करडी पट्टी. हेडलाइटचा प्रकाश जिकडून आला तिकडेच ती परत पाठवते, म्हणून गाडी चालवणाऱ्याला ती झळकताना दिसते. आता हे जॅकेट घालून वर सॅक चढवा आणि कुणाला तरी मागून फोटो काढायला सांगा. खांद्यांवर दोन बोटं पिवळं उरतं, पट्टी जवळजवळ सगळी झाकलेली. मी असा फोटो बघितला त्या दिवशी मला खरंच धक्का बसला. सॅकला पिवळं रेनकव्हर घातलं तर थोडी भरपाई होते, हे मान्य.

पण मला निर्णयापर्यंत आणलं ते दुसऱ्याच एका त्रासाने. लॅपटॉपची सॅक ताठ उभी राहते आणि तिचं वरचं टोक मानेच्या मागे येतं. हँडलवर जरा वाकून उजवीकडे मागे वळून पाहिलं की हेल्मेटची मागची कड त्या टोकाला अडते आणि हेल्मेट पुढे, भुवयांवर सरकतं. घरी आरशासमोर हे किरकोळ वाटतं. जुलैतल्या एका संध्याकाळी बाणेर रस्त्यावर उजवीकडे वळायचं होतं. भुरभुर चालू होती. मागे पाहिलं तर डोळ्यांसमोर फक्त हेल्मेटची कड आणि तिच्याखाली हातभर ओला रस्ता. टेम्पोचा हॉर्न अगदी कानाशी वाजला तेव्हा कळलं की तो किती जवळ आहे. काही झालं नाही, पण घरी पोचेपर्यंत हात थरथरत होते. पट्टे ढिले करून सॅक खाली घेऊन पाहिली, तर ती वळणावर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागली. आपल्याकडे दर दोन मिनिटांनी मागे बघावं लागतं. तेच अडत असेल तर बाकीचे फायदे मला गौण वाटतात.

पॅनिअरला खोडी नाहीत असं नाही. चुकीच्या जागी बसली तर पेडल मारताना टाच तिला घासते. मी एकच पॅनिअर लावतो आणि ती डावीकडे, कारण गाड्या उजवीकडून ओलांडतात. पण आपला साइड-स्टँडही डावीकडेच असतो. भरलेल्या पॅनिअरच्या वजनाने पुढचं चाक फिरून सायकल दोनदा आडवी झाली आहे, त्यामुळे आता पार्किंगमध्ये पॅनिअर आधी काढतो. पॅनिअरने सायकल रुंद होते, म्हणून बस आणि फुटपाथमधल्या फटीत पूर्वी घुसायचो, आता थांबतो. मागचा लाइट सीटखाली असेल तर कॅरिअरवर वर ठेवलेल्या जर्किनने तो झाकला जातो, म्हणून तो कॅरिअरच्या मागच्या टोकाला हलवावा. पावसासाठी तोंड गुंडाळून बंद करायची पॅनिअर घ्या. चेनवाल्या पिशवीत पाणी शिवणीतून शिरतं.

ज्यांचं अंतर तीन-चार किलोमीटर आहे, किंवा ज्यांच्या सायकलच्या फ्रेमला कॅरिअर बसवायची भोकंच नाहीत, त्यांनी सॅकच ठेवावी. फक्त ती बुटकी, मऊ वरच्या कडेची बघावी आणि घोट्यांना रिफ्लेक्टिव्ह पट्ट्या बांधाव्यात. त्या पेडलसोबत खालीवर होतात, त्यामुळे पुढे सायकलवाला आहे हे मागच्याला लवकर उमगतं. बाकीच्यांनी, माझं ऐकणार असाल तर, आधी कॅरिअर बसवून घ्यावं.

दुकानात जाताना रोजचं सामान घेऊन जा, डबासुद्धा. पॅनिअर भरून लावा, दुकानदाराला सायकल धरायला सांगा, सीटवर बसून ऑफिसच्याच बुटांनी पेडल उलटं फिरवून पाहा. टाच लागत असेल तर पॅनिअर हुकांवर बोटभर मागे सरकवायला सांगा, आणि सरकत नसेल तर ती घेऊ नका.