यॉर्क, साउथॅम्प्टन की कॉनवी? जकातीवर उभी राहिलेली तटबंदी बघायची तर

ब्रिटनमध्ये एकच दिवस हाताशी असेल आणि जुन्या शहराचा तट बघायचा असेल, तर साधारण ही तीन नावं पुढे येतात. तिन्ही ठिकाणी दगड बघायला मिळतात. त्या दगडांचे पैसे कुणी दिले हे मात्र सगळीकडे सारखं नाही, आणि निवड त्यावरून करावी असं मला वाटतं.

तेराव्या शतकात इंग्लंडचा राजा शहरांना तट बांधण्यासाठी स्वतःचा पैसा क्वचितच द्यायचा. तो सनद द्यायचा: अमुक वर्षं बाजारात येणाऱ्या मालावर जकात घ्या आणि ती तटावर खर्च करा. या जकातीला म्युरेज म्हणत. वेल्सच्या सरहद्दीजवळच्या श्रूजबरीला १२१८ च्या सुमारास मिळालेली सनद पहिल्या काही सनदांपैकी. माल आणि दर सनदेतच लिहिलेले असत. सुरुवातीच्या काही सनदांत परगण्यातल्या गाडीला अर्धा पेनी, बाहेरच्या गाडीला एक पेनी. मुदत संपायची, तट अर्धाच असायचा, मग पुन्हा अर्ज. जादा वसुली इतकी वाढली की १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या कायद्यात स्पष्ट लिहावं लागलं: सनदेबाहेर वसुली केली तर सनद कायमची जाईल, वर दंडही बसेल.

कॉनवी या तिघांत सर्वांत देखणं, यात वाद नाही. १२८३ ते १२८७ एवढ्या काळात किल्ला आणि तट दोन्ही उभे राहिले. सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा सलग तट, २१ बुरूज, तीन वेशी. खर्च मिळून १५,००० पौंडांच्या आसपास, आणि तो पहिल्या एडवर्डच्या खजिन्यातून. जिंकलेल्या वेल्समध्ये इंग्रजांची वसाहत वसवायची होती, तिथे जकात जमेपर्यंत थांबणं त्याला परवडणारं नव्हतं. मुलं बरोबर असतील, फोटो हवे असतील तर इथे जा. म्युरेज मात्र इथे समजणार नाही.

यॉर्कला पहिली सनद १२२६ ची, आणि पुढे ती पुन्हा पुन्हा वाढवून घेतलेली. तटावरून चालायला फुकट, जवळजवळ साडेतीन किलोमीटर, इंग्लंडमधल्या शहरांत सर्वांत लांब. वॉल्मगेट वेशीपुढे शत्रूला कोंडीत पकडणारी अरुंद भिंतबंद वाट अजून शाबूत आहे. इंग्लंडमधल्या दुसऱ्या कुठल्याही शहराच्या वेशीला ती उरलेली नाही. फॉस नदीच्या बाजूला पाणथळ होतं, तिथे तट बांधलाच नाही. काही ठिकाणी फांजीला, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेला, कठडा नाही, लहान मुलं आणि वयस्कर माणसं सांभाळा.

माझं मत तरीही साउथॅम्प्टनला. पहिली सनद १२६० ची. जमिनीकडचा तट हळूहळू झाला. समुद्राकडची बाजू मोकळीच राहिली, कारण व्यापाऱ्यांना घराच्या दारातून थेट धक्क्यावर उतरायचं होतं, आणि सगळा धंदा त्या धक्क्यावर होता. ऑक्टोबर १३३८ मध्ये फ्रेंच आणि त्यांचे साथीदार त्याच मोकळ्या बाजूने आत आले आणि शहर लुटून जाळलं. त्यानंतर तिसऱ्या एडवर्डने तट पुरा करण्याचा हुकूम दिला, तरी तो खऱ्या अर्थाने बंद व्हायला १३८० चं दशक उजाडलं. जकात गोळा करणारं आणि तिची झळ बसणारं शहर एकच होतं, आणि ही दिरंगाई त्याला फार महाग पडली.

हे सगळं तिथे डोळ्यांना दिसतं. पश्चिमेकडे कमानींची लांब रांग आहे, आणि त्या कमानींमागे व्यापाऱ्यांच्या घरांच्या दर्शनी भिंती आहेत. दारं-खिडक्या दगडांनी बुजवून त्याच भिंतींचा तट केला. बुजवलेल्या दारांच्या चौकटी आजही ओळखू येतात. काही ठिकाणी तोफांसाठी ठेवलेल्या जंग्याही आहेत.

निम्मा तट पडलेला आहे आणि मध्येच आजचं शहर येतं, त्यामुळे यॉर्कसारखी सलग फेरी मिळणार नाही. लंडनहून रेल्वेने सव्वा-दीड तास. यॉर्कला दोन, कॉनवीला तीनहून जास्त. उत्तरेच्या बारगेट वेशीपासून निघा आणि पश्चिमेच्या तटाने खाली उतरत जा. उलट दिशेने आलात तर कमानी नेमक्या तुमच्या पाठीकडे राहतील.